अपघात आणि कोर्टाची पायरी

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आमच्या सुशिक्षित कुटुंबांत इतकी मुरली आहे कीं, घरचें माणूस मोटारीच्या धक्क्यानें अंथरुणास खिळलें तरी ‘जीव वांचला, तेंच पुष्कळ’ असें म्हणून हक्काच्या भरपाईवर पाणी सोडलें जातें. ह्या वृत्तींत सात्त्विकता असेल. शहाणपण आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. कायद्यानें प्रत्येक मोटारीचा ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा केला आहे, तो अशाच जखमी माणसासाठीं. ही भरपाई मागणें म्हणजे याचना नव्हे.

पहिला प्रश्न उपचारांचा. ‘पोलीस केस आहे’ म्हणून जखमीस परत पाठविण्याची मुभा डॉक्टरांस नाहीं. आधीं उपचार, मग सोपस्कार, हें सर्वोच्च न्यायालयानें परमानंद कटारा खटल्यांत १९८९ सालींच सांगितलें. शिवाय मे २०२५ मध्यें जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें नेमलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरतां मिळतात.

दुसरें काम कागदांचें. फिर्यादीची व पंचनाम्याची नक्कल, मोटारीचा नंबर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला, हें सारें तारीखवार एका फायलींत ठेवावें. स्वतःचा आरोग्यविमा असल्यास त्या कंपनीस विनाविलंब कळवावें, आणि मूळ बिलें तिच्या हवालीं करण्यापूर्वीं त्यांच्या नकला ठेवाव्या.

तडजोडीचा कागद पुढें आला, तर मात्र घाई नको. मोडलेलें हाड सांधतें. पण गुडघा पुन्हां पूर्ववत् वांकेल कीं नाहीं, हें कळावयास कित्येक महिने लागतात. तत्पूर्वीं ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून सही करणें म्हणजे पुढचें दुखणें फुकट देणें होय. उलट अर्जाला विलंबही नको. १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. अर्ज वेळेवर द्यावा. अपंगत्वाचा दाखला सुनावणींत मागाहून दाखल करतां येतो. अपघात खंडाळ्याच्या घाटांत झाला, तरी नागपूरकरास नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें जातां येतें. दोष कोणाचा हें सिद्ध न करतांही गंभीर दुखापतीस अडीच लाख व मृत्यूस पांच लाख रुपये कलम १६४ खालीं मिळतात. तेवढ्यानें भागत नसल्यास कलम १६६ चा मार्ग आहे. मोटार पळून गेली व तिचा पत्ताच लागला नाहीं, तर हेच आंकडे अनुक्रमें पन्नास हजार व दोन लाख आहेत.

एक गोष्ट आमच्या भगिनींसाठीं मुद्दाम सांगतों. गृहिणी जायबंदी झाली कीं, ‘ती कोठें मिळवीत होती?’ असें घरचेच म्हणतात. सर्वोच्च न्यायालय तसें म्हणत नाहीं. जानेवारी २०२१ मधील कीर्ति खटल्यांत त्यानें गृहिणीच्या श्रमांचें मोल भरपाईंत धरलेंच पाहिजे, असें स्पष्ट केलें. पहांटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या त्या हातांचा हिशेब न्यायालय मांडतें. आपण तो अर्जांतच लिहावयास विसरूं नये.