समुद्राच्या पाण्याचा खारेपणा : तो कोठें वाढतो, कोठें घटतो

समुद्राचें पाणी खारें असतें, हें लहान मूलही जाणतें. परंतु तें सर्व ठिकाणीं व सर्व ऋतूंत सारखेंच खारें असतें, हा समज चुकीचा आहे. महसुलाच्या कारकुनींत अनेक वर्षें आम्हीं स्वतः हाच समज बाळगला, व त्यामुळें एका शेतकऱ्याचें नुकसान झालें. तो प्रसंग पुढें सांगूं. आधीं मूळ विषय पाहूं.

समुद्राचें १ लिटर पाणी आटविलें तर तळाशीं सरासरी ३५ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें सुमारें ३ तोळे, क्षार उरतात. यालाच दर हजारीं ३५ असें म्हणतात. त्यांत मोठा भाग आपल्या खाण्याच्या मिठाचा असून बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादिकांचे क्षार असतात. १८७२ ते १८७६ या काळांत ‘चॅलेंजर’ नांवाच्या जहाजानें निरनिराळ्या महासागरांतील पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतील ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञानें तपासले व १८८४ सालीं असें दाखविलें कीं, क्षारांचें एकंदर मान जागोजाग बदलतें, पण खुल्या समुद्रांत त्यांचें आपसांतील प्रमाण जवळजवळ कायम राहतें. वरण एकच, कोणीं त्यांत पाणी वाढविलें, कोणीं तें आटविलें, इतकाच भेद.

हे क्षार आले कोठून ? पाऊस डोंगरांचे खडक झिजवितो व नद्या त्यांतील विरघळलेले क्षार समुद्रांत नेतात. समुद्रतळींचे ज्वालामुखी व उष्ण झरे यांचीही त्यांत भर पडते. वाफ होऊन वर जातें तें मात्र निव्वळ गोडें पाणी. क्षार मागेंच राहतात.

म्हणून खारेपणाचा हिशेब म्हणजे गोड्या पाण्याचा जमाखर्च होय. पाऊस, नद्या व वितळणारें बर्फ ही जमा. बाष्पीभवन व पाणी गोठणें हा खर्च. खर्च वाढला कीं पाणी अधिक खारें, जमा वाढली कीं कमी. तांबड्या समुद्रास एकही बारमाही नदी मिळत नाहीं, पाऊस नाममात्र, ऊन कडक व दक्षिणेकडील तोंड अरुंद. त्यामुळें त्याच्या उत्तर भागांत खारेपणा दर हजारीं ४० पर्यंत चढतो. उलट युरोपांतील बाल्टिक समुद्रास पुष्कळ नद्या मिळतात, थंडीमुळें वाफ थोडी होते. तेथें मोठ्या भागांत हें मान ७-८ च आढळतें.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या अरबी समुद्रांत बाष्पीभवन फार व मोठ्या नद्या थोड्या, म्हणून त्याचें मान बहुधा ३५ ते ३७ असतें. बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा व इरावती यांचे पूर येतात. तेथें उत्तरेकडे पावसाळ्यानंतर वरच्या थराचें मान ३० च्याही खालीं उतरतें. एकाच देशाचे हे दोन किनारे !

खाडींत तर हा फेर महिन्यागणिक होतो. पावसाळ्यांत नदीचा लोंढा खारें पाणी मुखाकडे रेटतो. चैत्र-वैशाखांत नदी आटली कीं भरती तेंच पाणी कित्येक मैल आंत नेते. शिवाय खारें पाणी जड असल्यानें तळाशीं राहतें व गोडें वर तरंगतें. वरचें पाणी चाखून खालचें गोडें आहे असें समजूं नये.

आतां तो प्रसंग. भाद्रपदांत पावसाची उघडीप असतां अमावास्येच्या उधाणानें एका खाडीवरील दोन गांवांचे बांध फुटले. एक गांव मुखाजवळचें, दुसरें बरेंच वरच्या अंगाचें. आम्हीं दोन्हीं पंचनाम्यांत ‘खारें पाणी शिरलें’ असा एकच शेरा लिहून नुकसान सारखेंच धरलें. वरच्या गांवचें भात बहुतेक वांचलें. खालच्या गांवचें शेंड्यापासून करपलें, व पुढील सालींही त्या खांचरांत रोप धरेना. तेथील एक वृद्ध शेतकरी आम्हांस म्हणाला, “भाऊसाहेब, खाडी एक असली तरी पाणी एक नव्हतें.” त्यास उत्तर देण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें.

हिशेब साधा आहे. १ गुंठ्यावर १० सेंटिमीटर पाणी उभें राहिलें तर तें सुमारें १० हजार लिटर भरतें. तें अस्सल समुद्राचें असेल तर त्यांत साडेतीन क्विंटल क्षार असतात. दर हजारीं ५ चें असेल तर अर्धा क्विंटल. आणि भाताचें रोप तर दर हजारीं दोन-तीन मानाच्या पाण्यानेंही मलूल होऊं लागतें.

यावरून खाडीकांठच्या बागायतदारांनीं व भातकऱ्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. उघाडीच्या झडपेची फट तळाशीं असेल तर ती आधीं बुजवावी, कारण जड खारें पाणी तेथूनच येतें. बांध फुटल्यास ओहोटीस शेत रिकामें करून पावसाचें पाणी कोंडावें व पुढील ओहोटीस सोडून द्यावें. असें अनेक वेळां केल्यानें क्षार धुऊन जातात. कापणीनंतर जमीन उघडी टाकूं नये. उन्हानें ओल वर चढते व आपल्याबरोबर मीठ वर आणते, म्हणून पेंढ्याचें आच्छादन घालावें. आणि पंचनाम्याच्या वेळीं तिथि, भरतीची वेळ व मुखापासूनचें अंतर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. शक्य तर त्याच दिवशीं बाटलीभर पाणी माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेंत पाठवावें.

शेवटची गोष्ट आम्हीं त्या सालीं केली असती, तर त्या वृद्धाचें नुकसान कागदावर तरी खरें उतरलें असतें. कारकुनास जें उशिरा कळलें, तें आमच्या वाचकांस वेळेवर कळावें, एवढ्याचसाठीं हा लेख.