प्रवासाची बाबागाडी : उचलणाऱ्याचाही विचार हवा

बेळ्ळंदूर हे बेंगळुरूच्या आग्नेय भागातील उपनगर. एकेकाळी मोठ्या तलावाच्या काठचे हे गाव आज आउटर रिंग रोडच्या दोन्ही अंगांनी उभ्या राहिलेल्या संगणक कंपन्यांच्या कार्यालयांमुळे ओळखले जाते. येथील कोणत्याही निवासी संकुलात संध्याकाळी फेरफटका मारावा, तर कन्नड, तेलुगू, हिंदी यांच्या जोडीने मराठीही हमखास कानावर पडते. पुणे, सोलापूर, सांगली, नागपूर, बेळगाव अशा गावांहून आलेली तरुण जोडपी येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या घरी पाळणा हलला की वर्षातून दोनतीन वेळा एक मोठा प्रवास ठरलेला असतो. गणपती, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, घरचे एखादे लग्न. निमित्त कोणतेही असो, बाळाला आजोळी अथवा आजी-आजोबांकडे न्यायचेच असते. या प्रवासाच्या तयारीत हल्ली एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे घडी होणारी हलकी बाबागाडी, म्हणजेच स्ट्रोलर.

माझी कन्या बेळ्ळंदूरला राहते. नात आठ महिन्यांची असताना जावईबापूंना रजा मिळाली नाही, म्हणून ती बाळाला घेऊन एकटीच रेल्वेने माहेरी निघाली. मी स्थानकावर उतरवून घ्यायला गेलो होतो. तिच्या कडेवर बाळ, पाठीवर पिशवी, हातात बॅग आणि सोबत एक भक्कम, मऊ गादीची, देखणी बाबागाडी. गाडीचे वजन होते अकरा किलो. उद्वाहक बंद होता. पादचारी पुलाच्या पायऱ्या चढताना घडी केलेली ती बाबागाडी मी खांद्याला लावली आणि निम्म्या वाटेवर तिचा खटका निसटला. गाडी जिन्यातच उघडली. मागून येणारी गर्दी थबकली आणि माझा तोल जाता जाता राहिला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, घेताना आम्ही बाळ किती आरामात बसेल एवढंच पाहिलं. ही उचलणार कोण, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

या एका वाक्यात प्रवासासाठी बाबागाडी निवडण्याचे सारे मर्म आहे. घराजवळच्या बागेत बाबागाडी बाळाला वाहून नेते. प्रवासात मात्र जिने, डब्याची दारे, टॅक्सीची डिकी आणि तपासणीच्या रांगा या ठिकाणी बाबागाडीला आपणच वाहून न्यायचे असते. म्हणून निवड करताना बाळाइतकाच ती उचलणाऱ्या माणसाचा विचार करावयास हवा.

विमानाच्या चाकांपासून बाबागाडीपर्यंत

मुलांसाठी गाडी बनविण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1733 मध्ये विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने एका सरदारघराण्यातील मुलांसाठी लहान जनावराने ओढावयाची गाडी तयार केली होती. पुढे माणसाने ढकलावयाच्या गाड्या आल्या. पण त्या होत्या जड, उंच आणि रुंद. त्यांची घडी घालून प्रवासाला नेणे कठीणच होते.

हे चित्र बदलले ते ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्यामुळे. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. विमानाची चाके वजनाला हलकी हवीत, उतरतानाचा धक्का सोसणारी हवीत आणि उड्डाणानंतर घडी होऊन आत जाणारीही हवीत. निवृत्तीनंतर, परदेशातून लहान मुलासह येणाऱ्या आपल्या कन्येची जड गाडीमुळे होणारी ओढाताण त्यांनी पाहिली आणि हेच तीन गुण बाबागाडीत उतरविण्याचे ठरविले. 1965 मध्ये त्यांनी छत्रीप्रमाणे मिटणाऱ्या गाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि 1967 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची ती गाडी अवघी सहा पौंड, म्हणजे सुमारे पावणेतीन किलो वजनाची होती. लेकीचा त्रास पाहून कामाला लागलेला हा अभियंता आजोबाच होता, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

हलकी म्हणजे किती हलकी?

अ‍ॅल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते. मात्र त्याचा ताठपणाही त्याच प्रमाणात कमी असतो. म्हणून चांगल्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या थोड्या जाड व्यासाच्या ठेवतात. दुकानात गाडीचा दांडा एका हाताने धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावा. सांगाडा पिळवटल्यासारखा होत असेल, तर वजन वाचविताना मजबुतीवर पाणी सोडले आहे असे समजावे.

पाठ मागे कलणारे आसन, मोठे छत, सामानाची जाळी असे सर्व काही असलेल्या आजच्या छोट्या घडीच्या बहुतेक गाड्या पाच ते सात किलो वजनाच्या असतात. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन 9.6 किलो व मुलीचे 8.9 किलो असते. त्यात सहा किलोची गाडी आणि दूध, लंगोट, कपड्यांची पाच किलोची पिशवी मिळविली, की एकट्या आईला जिन्यावर वीस किलो न्यावे लागतात. गाडी अकरा किलोची असेल, तर हेच ओझे पंचवीस किलोंवर जाते. म्हणून गाडीचे वजन कागदावर वाचून न थांबता ती घडी करून, खांद्याला लावून, दुकानात पन्नास पावले चालून पाहावे.

घडी एका हाताने घालता येते का, हेही पाहावे. दुसऱ्या हातात बाळ असणारच आहे. घरातील जी व्यक्ती बाळाला घेऊन सर्वाधिक प्रवास करणार असेल, तिने स्वतः घडी घालून पाहावी; विक्रेत्याच्या सराईत हाताकडे पाहून निर्णय घेऊ नये. घडीनंतर खटका आपोआप बसतो का आणि गाडी उलटी धरली तरी तो सुटत नाही ना, याची खात्री करावी. आमच्या जिन्यातील प्रसंग या एका गोष्टीने टळला असता.

मोजपट्टी बरोबर घ्या

"विमानाच्या केबिनमध्ये नेता येते" असे शब्द अनेक गाड्यांच्या खोक्यांवर छापलेले असतात. त्यांवर विसंबण्यापूर्वी आकडे पाहावेत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने केबिनमधील सामानासाठी सुचविलेला आकार 56 × 45 × 25 सेंटिमीटर आहे. इंडिगोची मर्यादा मात्र 55 × 35 × 25 सेंटिमीटर, म्हणजे एकूण 115 सेंटिमीटर, आणि वजन सात किलो अशी आहे. बेबीझेन या फ्रेंच कंपनीने 2012 मध्ये आणलेल्या योयो या लोकप्रिय गाडीची घडी 52 × 44 × 18 सेंटिमीटर भरते. या तिन्हींची बेरीज होते 114. म्हणजे ती 115 च्या आत बसते. परंतु 44 हा आकडा 35 च्या पुढे जातो. अशा वेळी गाडी आत न्यावयाची की नाही, हे विमानतळावरील कर्मचारीच ठरवितात. याच्या दुसऱ्या टोकाला जीबी कंपनीची पॉकिट ही गाडी आहे. तिची घडी केवळ 35 × 30 × 18 सेंटिमीटर होते आणि 2014 मध्ये सर्वांत लहान घडीची गाडी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. ती सहज आत जाते; मात्र इतकी लहान घडी साधण्यासाठी चाके आणि आसन यांत तडजोड करावी लागते.

गाडी केबिनमध्ये गेली नाही म्हणून बिघडत नाही. बहुतेक विमान कंपन्या तान्ह्या मुलाची बाबागाडी विनाशुल्क स्वीकारतात आणि पुष्कळदा ती विमानाच्या दारापर्यंत वापरू देतात. उतरल्यावर ती दाराशीच परत मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे आधी विचारून ठेवावे. सामानाच्या चढउतारात धक्के बसतात, म्हणून जाड कापडाचे आवरण असावे. सुरक्षा तपासणीत बाळाला गाडीतून काढून कडेवर घ्यावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

रेल्वेचेही माप ठरलेले आहे. वातानुकूलित तृतीय श्रेणी आणि चेअर कार या डब्यांत 55 × 45 × 22.5 सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्या नेता येतात. वर सांगितलेली 52 × 44 × 18 सेंटिमीटरची घडी या मापात बसते आणि आसनाखाली सरकविता येते. बेंगळुरूहून सोलापूर, पुणेमार्गे मुंबईस जाणाऱ्या उद्यान एक्स्प्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाडीत हा मोठाच दिलासा असतो. याउलट छत्रीसारखी मिटणारी गाडी लांबुडकी असते. तिला आसनाखाली जागा मिळेलच असे नाही.

मोटारीने हुबळी-बेळगाव मार्गे कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी डिकी मोजावी. वाहन सीएनजीवर चालणारे असेल, तर डिकीतील टाकीमुळे उरणारी जागा फारच थोडी असते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबागाडीचे आसन मोटारीतील सुरक्षा आसनाची जागा घेऊ शकत नाही. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा अथवा बालआसन नसल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तीत अभिप्रेत असलेली सुरक्षितता दंडाहून कितीतरी मोलाची आहे.

चाके आणि आपले रस्ते

विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर कोणतीही गाडी लोण्यासारखी चालते. खरी परीक्षा बेळ्ळंदूरच्या पदपथावर होते. हललेल्या लाद्या, गटारावरील झाकणांच्या फटी, मध्येच उतरणारी पायरी आणि पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी यांतून वाट काढावी लागते. आपल्या गावच्या गल्लीबोळांतही याहून निराळे चित्र नसते. चाक नुसते पुढे ढकलून स्वतःच्या त्रिज्येइतका उंच अडथळा ओलांडू शकत नाही, हा साधा नियम आहे. बारा सेंटिमीटर व्यासाचे चाक सहा सेंटिमीटरच्या कडेपुढे अडते; प्रत्यक्षात त्याआधीच धक्का बसून थांबते. घडी जितकी लहान, तितकी चाके लहान. ही किंमत मोजावीच लागते.

म्हणून आपण गाडी कोठे वापरणार याचा प्रामाणिक हिशेब करावा. मुख्यतः विमानतळ, स्थानक, मॉल आणि संकुलाच्या आवारात वापरावयाची असेल, तर छोटी घडी उत्तम. रोज रस्त्यावरून न्यावयाची असेल, तर थोडी मोठी चाके व दीड-दोन किलो अधिक वजन पत्करावे. आणि गावी गेल्यावर वाड्यात किंवा मंदिराच्या पायऱ्यांवर गाडी निमूट मिटवून बाळाला कडेवर घ्यावे, किंवा कापडी झोळीत बांधून घ्यावे. या बाबतीत आजीचा अनुभव कोणत्याही खोक्यावरील मजकुरापेक्षा भरवशाचा असतो.

सुरक्षिततेत काटकसर नको

छोट्या घडीच्या पुष्कळ गाड्या सहा महिन्यांपुढील बाळांसाठीच असतात. मान न धरणाऱ्या बाळाला पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी. खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा असावा आणि तो दर वेळी लावावा. दांड्याला जड पिशव्या अडकवू नयेत; बाळाला उचलताच गाडी मागे उलटते. फलाटावर गाडी रुळांकडे तोंड करून उभी करू नये. ती रुळांना समांतर ठेवावी, ब्रेक लावावा आणि हातही सोडू नये. सरकत्या जिन्यावर बाळासह गाडी नेऊ नये. उन्हासाठी छतावर जाड कापड टाकून गाडी चहूबाजूंनी झाकू नये. वारा अडून आतील उष्मा वाढतो.

बिजागरीकडे विशेष लक्ष द्यावे. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये मॅक्लारेन कंपनीलाच अमेरिकेत विकलेल्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सुधारणेची मोहीम हाती घ्यावी लागली. गाडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तेथे नोंदल्या गेल्या होत्या. त्यानंतर बिजागरीवर बसविण्याची आवरणे देण्यात आली. नामांकित वस्तूतही दोष राहू शकतो, हा यातील धडा. गाडी उघडताना व मिटताना बाळ दूर असावे, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा. खरेदी करताना युरोपातील ईएन 1888 यासारख्या मानकाचा उल्लेख आहे का, हे पाहावे.

खर्चाचा ताळेबंद

या गाड्यांच्या किमती काही हजारांपासून पन्नास हजारांच्याही पुढे जातात आणि वापर होतो जेमतेम दोन-तीन वर्षे. म्हणून अपेक्षित प्रवासांची संख्या मांडून पाहावी. वर्षातून एकदाच प्रवास असेल, तर भावंडांकडची किंवा शेजारची गाडी मागून घेण्यात कमीपणा नाही. बेळ्ळंदूरसारख्या ठिकाणी एका बाळाची गाडी दुसऱ्याच्या घरी सहज जाऊ शकते. मात्र जुनी गाडी घेताना खटका, ब्रेक, पट्टे आणि बिजागऱ्या तपासाव्यात आणि ते प्रतिमान उत्पादकाने परत मागविलेले तर नाही ना, हे पाहावे.

हप्त्याने घेताना "शून्य व्याज" या शब्दांना भुलू नये. प्रक्रिया शुल्काच्या रूपाने व्याज दडविले जाते, याकडे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच लक्ष वेधले होते. रोखीची सवलत आणि हप्त्यांची एकूण रक्कम शेजारी मांडली, की खरे चित्र दिसते. बिल आणि हमीपत्र जपून ठेवावे; तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक 1915 उपलब्ध आहे.

आमच्या घरातील ती अकरा किलोची गाडी आता संकुलाच्या बागेत फिरण्यापुरती उरली आहे. प्रवासासाठी कन्येने सहा किलोची साधी गाडी शेजारच्या कुटुंबाकडून घेतली आणि वाचलेल्या पैशांतून नातीच्या नावाने आवर्ती ठेव सुरू केली. पुढच्या खेपेस मी पुन्हा स्थानकावर गेलो. उद्वाहक त्या दिवशीही बंदच होता. लेकीने डब्यातून उतरताच एका हाताने गाडीचा पट्टा खांद्याला अडकविला आणि बाळाला माझ्याकडे दिले. जिना चढताना माझ्या हातात फक्त नात होती.