त्रिशरण

त्रिशरण (पाली: तिसरण) म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ या तिघांना शरण जाण्याचा बौद्ध विधी होय. या तिघांना एकत्रितपणे 'त्रिरत्न' असे म्हणतात. शरणवचने तीन वेळा उच्चारली जातात. ती घेणारी व्यक्ती उपासक किंवा उपासिका मानली जाते. थेरवाद परंपरेत श्रामणेराची प्रव्रज्याही याच वचनांनी होते.

अर्थ

मराठीत 'शरण जाणे' या वाक्प्रचाराला हार पत्करण्याची किंवा देवापुढे सर्वस्व वाहण्याची छटा आहे. त्यामुळे त्रिशरणाच्या अर्थाविषयी गैरसमज होऊ शकतो. पालीतील 'सरण' म्हणजे आसरा, रक्षणाची जागा. बुद्धघोषाने हा शब्द 'नाश करणे' या अर्थाच्या धातूशी जोडून, जे भय व दुःख नाहीसे करते ते सरण, असे स्पष्टीकरण दिले आहे. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रापेक्षा उपदेशाच्या सोयीची वाटते. मात्र परंपरेला काय अभिप्रेत होते ते तिच्यातून समजते. बुद्ध हा येथे वर देणारा देव नसून मार्ग दाखवणारा शास्ता आहे. महापरिनिब्बान सुत्तात, वैशालीजवळच्या बेलुव गावी आजारातून उठल्यावर, तो आनंदाला स्वतःचा आणि धम्माचाच आसरा घेण्यास सांगतो, इतर कोणाचा नाही.

अट्ठकथांमध्ये बुद्धाला वैद्याची, धम्माला औषधाची आणि संघाला त्या औषधाने बऱ्या झालेल्या लोकांची उपमा दिली आहे. तिबेटी परंपरेत संघ हा परिचारक ठरतो. तेथे त्रिरत्नांच्या आधी गुरूलाही शरण जाण्याची प्रथा आहे.

उगम

विनयपिटकातील महावग्गानुसार तपुस्स आणि भल्लिक हे दोन व्यापारी पहिले उपासक होत. तेव्हा संघ अस्तित्वात नसल्याने ते बुद्ध आणि धम्म या दोहोंनाच शरण गेले. तिन्ही शरणे घेणारा पहिला उपासक म्हणजे वाराणसीच्या यशाचा पिता. सांची आणि भारहूत येथील शिल्पांत त्रिशूळासारखे तीन टोकांचे चिन्ह आढळते. ते त्रिरत्नाचे प्रतीक म्हणून ओळखले जाते.

महाराष्ट्रात

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. सविता आंबेडकर यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले. त्यानंतर आंबेडकरांनी स्वतः उपस्थित लाखोंच्या समुदायाला त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. हे वचन सहसा भिक्खूकडून घेतले जाते. येथे ते एका गृहस्थाने दिले, हे या सोहळ्याचे वेगळेपण होय. पूर्वीच्या देवदेवतांची उपासना सोडण्याच्या प्रतिज्ञाही सोबत असल्याने, अस्पृश्यतेने लादलेली लाचारी नाकारणाऱ्यांसाठी या 'शरण' शब्दात शरणागतीचा भाव उरला नाही. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत विवाह, नामकरण, गृहप्रवेश आणि अंत्यविधी अशा प्रसंगी त्रिशरण आजही पालीतच म्हटले जाते.