खाणींतील मोट, रहाट आणि रवी

वाशीम जिल्ह्यांत आमच्या इंझोरीच्या बाजूस विहीर खणावयास घेतली, म्हणजे प्रथम काळी माती, मग मुरूम आणि त्याखालीं काळा कातळ लागतो. हा कातळ लाव्हा थिजून झालेला. त्यांत कोळसा मिळावयाचा नाहीं. म्हणून खाण ही वस्तु इकडील बहुतेक कुटुंबांस वर्तमानपत्रांतूनच ठाऊक. परंतु पूर्वेस वणीच्या पुढें वर्धा नदीच्या खोऱ्यांत या कातळाहून कितीतरी जुने खडक आहेत, आणि त्यांच्या पोटांत दगडी कोळसा आहे. वरोऱ्याची सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत सुरू होऊन १९०६ सालीं बंद पडली. पुढें बल्लारपूर, घुगुस, राजूर हीं नांवें ऐकूं येऊं लागलीं. १९७३ सालीं देशांतील कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, आणि १९७५ सालीं नागपुरास वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली.

अशा खाणींत काम शिकावयास गेलेला घरचा मुलगा सुटींत परत आला, कीं त्याच्या तोंडीं डायरेक्ट रोप, एंडलेस रोप, मेन अँड टेल असे शब्द असतात. माजघरांतील मंडळी कौतुकानें ऐकतात आणि हें आपल्या बुद्धीबाहेरचें आहे असें समजून उठून जातात. वास्तविक हीं तिन्ही यंत्रें आजोबांनीं आणि आजीनें लहानपणीं पाहिलेलीं, किंबहुना स्वतः चालविलेलीं असतात.

मोटेचीच गोष्ट घ्या. बैल धांवेवरून खालीं उतरतात, नाडा चाकावरून ताणला जातो, आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यांत रिती होते. बैल माघारी येतात तेव्हां रिकामी मोट स्वतःच्या भारानें विहिरींत जाते. तिला कोणी ढकलावें लागत नाहीं. खाणींत उतरत्या बोगद्यास इन्क्लाइन म्हणतात. त्याच्या तोंडाशीं बसविलेलें यंत्र पोलादी दोर पिंपावर गुंडाळतें आणि कोळशानें भरलेल्या टबांची माळ रुळांवरून वर येते. नंतर ब्रेकाच्या आधारें पिंप सैल सोडलें, कीं रिकामे टब दोर ओढीत आपोआप खालीं जातात. हेंच डायरेक्ट रोप. मात्र बोगद्यास उतार पुरेसा नसेल तर रिकामे टब वाटेंतच उभे राहतात, आणि मग ही युक्ति कुचकामाची ठरते.

एंडलेस रोप म्हणजे रहाटगाडगें. दोराचीं दोन्ही टोकें गुंफून त्याचें अखंड वेटोळें केलेलें असतें, आणि तें एकाच दिशेनें, माणसाच्या चालीनें, सावकाश फिरत राहतें. एका मार्गावर भरलेले टब क्लिपांनीं दोरास अडकवितात, दुसऱ्यावर रिकामे. वर येणाऱ्या आणि खालीं जाणाऱ्या टबांचीं वजनें एकमेकांस तोलतात, त्यामुळें यंत्रास भार उरतो तो मुख्यत्वेंकरून आंतल्या कोळशाचा आणि घर्षणाचा. गाडग्यांचें वजन बैलास लागत नाहीं, पाण्याचें लागतें, तसेंच हें.

तिसरी पद्धत आमच्या भगिनींच्या विशेष ओळखीची आहे. बोगदा कोठें चढतो, कोठें उतरतो, अशा जागीं टबांस दोन्ही बाजूंनीं ओढावें लागतें. म्हणून पुढें एक दोर व मागें एक दोर बांधून, एक गुंडाळतांना दुसरा सैल सोडतात. ताक घुसळतांना रवीच्या दोरीचीं दोन टोकें ज्या क्रमानें ओढतों, त्याच क्रमानें मेन आणि टेल हे दोर चालतात.

आतां कोणी विद्वान् या एंडलेस रोपास ‘अनंतरज्जुकर्षण’ असें नांव देईल. शब्द शुद्ध आहे यांत शंका नाहीं. पण तो ज्यानें कानानें ऐकून तात्काळ ओळखावयाचा, तो टबाजवळ उभा असलेला मजूर मराठी, तेलुगु, हिंदी वा छत्तीसगढी बोलणारा असतो. आमच्या मतें ‘रहाटदोर’ हा शब्द त्यास अधिक उपयोगी. टब, क्लिप हे शब्द रुळले आहेत, ते खुशाल राहूं द्यावे. कित्येक इंग्रजी शब्द तर फसवे आहेत. ‘गोफ’ म्हटलें कीं आपणांस विणलेला गोफ आठवतो. खाणींत कोळसा काढून घेतल्यावर उरलेली, छत कोसळूं पाहणारी पोकळी म्हणजे गोफ. ‘स्ट्राइक’ म्हणजे संप नव्हे. थराच्या उतारास काटकोनांत जाणारी आडवी रेषा, जिला आपल्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत नतिलंब म्हणतात. उलटपक्षीं आपला ‘सरदार’ खाणींत ‘सिरदार’ होऊन इंग्रजी नियमांच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे!

खनिजांच्या बाबतींत शास्त्रज्ञांनीं इतका परकेपणा केला नाहीं. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनीं १९०९ सालीं मँगॅनीजवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत नागपूर जिल्ह्यांतील बेलडोंगरीवरून ‘बेलडोंग्राइट’ आणि छिंदवाड्याकडील सीतापारवरून ‘सीतापाराइट’ अशीं नांवें आहेत. गोंड लोकांवरून एका खडकास त्यांनीं ‘गोंडाइट’ म्हटलें. सीतापाराइट हें अमेरिकेंत आधींच सांपडलेलें बिक्सबाइट ठरून तें नांव मागें पडलें. गोंडाइट मात्र टिकलें.

शब्द कळण्यावर येथें जीव अवलंबून असतो, ही अतिशयोक्ति नव्हे. सहांत एक असा उतार धरा. चढत्या टबांचा दोर तुटला, तर शंभर मीटर खालीं येईपर्यंत, घर्षण वजा जातांहि, त्यांचा वेग ताशीं साठ किलोमीटरच्या घरांत जातो. म्हणून चढत्या माळेच्या शेवटच्या टबामागें एक लोखंडी दांडा जमिनीवर घासत ठेवतात. टब मागें येऊं लागले कीं तो जमिनींत रुततो आणि त्यांस रुळांवरून पाडतो. घाट चढतांना गाडीवान चाकामागें दगड देतो, तोच हा प्रकार. चालत्या दोरास थांबविण्याची खूण म्हणजे घंटेचा एकच ठोका. १९५२ च्या खाण-कायद्यानें नियमांचे सारांश इंग्रजीबरोबर ठरवून दिलेल्या अन्य भाषेंतहि खाणीपाशीं लावण्याची तरतूद केली, ती यासाठींच.

दोर तुटण्याचें एक कारण कोळशांतच दडलेलें असतें. वैद्यांचें सुवर्णमाक्षिक आपल्या परिचयाचें आहे. तें तांबें, लोखंड आणि गंधक यांचें. कोळशाच्या थरांत त्याचा भाऊबंद, तांब्यावांचूनचें लोहमाक्षिक, पिवळ्या चकाकीनें दिसतें. हवा आणि पाणी लागलें कीं त्यापासून गंधकाचें तीव्र आम्ल होतें. असें पाणी बोगद्यांतून झिरपून दोरावर पडलें, कीं पोलादाच्या तारा आंतून गंजूं लागतात. वरून तेल पाजलेला दोर तेव्हांहि धडधाकट दिसतो. म्हणून तपासणारा मनुष्य यंत्र थांबवून तेल पुसून काढतो, आणि दिव्याच्या उजेडांत वीत-वीत पुढें सरकत तुटक्या तारा मोजतो.