डिपर दाबला आणि अंधार झाला!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही चार प्राध्यापक तोरणमाळहून शहाद्याकडे परतत होतो. यशवंत तलावाच्या काठी रेंगाळल्यामुळे निघायला उशीर झाला आणि सातपायरीचा घाट उतरू लागलो तेव्हा चांगलेच अंधारले होते. गाडी म्हणजे एका सहकाऱ्याची जुनी जीप. एका वळणावर समोरून गाडी चढत आली. तिच्या चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून सहकाऱ्याने पायापाशी असलेले डिपरचे बटण दाबले, आणि आमचे दोन्ही दिवे विझत्या निखाऱ्यासारखे लाल झाले. रस्ता दिसेनासा झाला. ताशी ३० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ८ मीटरहून जास्त. दोन सेकंदांत आम्ही १६-१७ मीटर आंधळेपणाने गेलो असतो, आणि बाजूला दरी! सहकाऱ्याने ब्रेक दाबला, बटण पुन्हा दाबले आणि लांबचा झोत परत आला. उरलेला घाट आम्ही जपून उतरलो. समोरून गाडी आली की कडेला थांबून दिवे मालवायचे.

घरी पोहोचेपर्यंत डोक्यात एकच प्रश्न होता : बिघाड कुठे? तो तुम्हीही विचार करून शोधू शकाल. मात्र त्यासाठी दिव्याची रचना माहीत हवी.

एका दिव्यात दोन तंतू

जीपच्या दिव्यात एकच बल्ब असतो, पण त्यात दोन तंतू असतात. एक तंतू अंतर्गोल आरशाच्या नाभीशी असतो. त्याचे किरण परावर्तनानंतर जवळजवळ समांतर जातात. हा लांबचा झोत. दुसरा तंतू नाभीच्या थोडा पुढे असतो आणि त्याच्याखाली धातूची छोटी वाटी असते. त्यामुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि खाली, रस्त्याकडे वळतो. हा जवळचा झोत. विद्युतप्रवाह कोणत्या तंतूकडे पाठवायचा हे डिपरचे बटण ठरवते.

आता तर्क करू या. लांबचा झोत व्यवस्थित होता, म्हणजे बॅटरी, मुख्य बटण आणि गाडीच्या सांगाड्यातून परत जाणारा मार्ग (गॅरेजमध्ये यालाच ‘अर्थ’ म्हणतात) ठीक होते. दोन्ही बल्बांचे जवळचे तंतू एकाच क्षणी बिघडणे जवळपास अशक्य. मग दोष दोन्ही दिव्यांना सामाईक, पण फक्त जवळच्या झोताच्या वाटेवर असणार. संशयित उरले तीन : डिपरचे बटण, त्या झोताचा फ्यूज आणि तिथली तार.

मापकाने फसवले

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या आवारात मल्टिमीटर घेऊन बसलो. बल्बची जोडणी काढून तारेच्या टोकाशी विभवांतर मोजले, तर पूर्ण १२ व्होल्ट! म्हणजे सगळे ठीक? नाही. मल्टिमीटरचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. मग वाटेतल्या लहानशा रोधावर विभवांतर खर्च होणार कसे?

बल्ब पुन्हा जोडून, दिवे लावून मोजले. बटणाच्या आधी १२ व्होल्ट, बटणाच्या नंतर फक्त ४! आठ व्होल्ट बटणातच गडप होत होते. प्रवाह होता सुमारे ५ अँपिअर. ओहमच्या नियमाने बटणाचा रोध ८ ÷ ५ = १.६ ओहम. चांगल्या बटणात तो नगण्य असायला हवा. तिथे खर्च होणारी शक्ती ८ × ५ = ४० वॅट. काही मिनिटांनी बटणाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला!

दिव्याला एक तृतीयांश विभवांतर मिळाले, तर प्रकाश एक तृतीयांश का नाही मिळाला? कारण तंतूचे तापमान उतरले की दृश्य प्रकाश फार झपाट्याने घटतो. ढोबळ मानाने प्रकाश विभवांतराच्या साडेतीनव्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणून उरला तो जेमतेम दोन टक्के.

बटण उघडले. पायाचा चिखल आणि पावसाचे पाणी आत जाऊन तांब्याच्या स्पर्शबिंदूंवर हिरवट थर चढला होता. पॉलिश पेपरने तो घासला, तेव्हा बटणावरची घट ०.२ व्होल्टवर आली. तरीही आम्ही नवे बटण बसवले आणि सोबत रिले लावला. ५५ वॅटचे दोन तंतू मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. जुन्या जीपमध्ये हा सगळा प्रवाह बटणातून जाई. रिले लावल्यावर बटणातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. जड प्रवाहाचे काम रिलेचे स्पर्शबिंदू सांभाळतात.

लक्षणावरून निदान

एकाच दिव्याचा एकच झोत गेला, तर आधी त्याचा बल्ब पाहा. एकाच बाजूचे दोन्ही झोत मंद असतील, तर त्या दिव्याचा ‘अर्थ’ तपासा. दोन्ही दिव्यांचे दोन्ही झोत मंद असतील, तर बॅटरी किंवा मुख्य बटण संशयास्पद. फ्यूजच्या जागी साधी तार मात्र कधीही गुंडाळू नका. तारांनाच आग लागू शकते.

घरी एक प्रयोग करा. टॉर्चचा बल्ब आणि दोन सेल घ्या. मंडलात एक गंजका खिळा जोडून बल्ब पाहा. मग तोच खिळा घासून चकचकीत करा आणि पुन्हा जोडा. प्रकाशातला फरक डोळ्यांनी दिसेल. गंजाचा तो पातळ थर वर्गात क्षुल्लक वाटतो. घाटात मात्र त्याच्यावर चार माणसांचे प्राण अवलंबून असतात.