आठ सिलिंडरांचं हलकं ओझं

जुन्या गाडीचं इंजिन चेन-पुलीला टांगून वर घेऊ लागलं, की गाडीचं तोंडही हळूहळू वर येतं. पुढच्या स्प्रिंगा सैल होतात आणि बोनेटखाली रिकामा खड्डा उरतो. त्या खड्ड्याकडे पाहताना जुन्या गाड्यांच्या वेड्या माणसांच्या मनात एकच प्रश्न येत आला आहे: यात याहून मोठं इंजिन बसेल का? प्रश्न ताकदीचा वाटतो. उत्तर मात्र गाडीचं तोंड किती वर आलं, त्यात असतं. हे जिच्यावरून नीट समजतं, ती गाडी म्हणजे इंग्लंडची एमजीबी.

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन इथल्या एमजी कारखान्यातून ही छोटी स्पोर्ट्स कार 1962 साली बाहेर पडली आणि 1980पर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. तिला वेगळी चासी नव्हती. पत्र्याचं शरीरच सारा भार पेलत असे. इंजिन 1798 सीसीचं, चार सिलिंडरचं, सगळं बिडाचं. ज्याने कधी आपल्या अँबॅसडरचं बोनेट उघडून आत डोकावलं आहे, त्याला ते परकं वाटणार नाही. अँबॅसडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हे, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातली सख्खी भावंडं. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, बांधणी साधी, दुरुस्ती कुणालाही जमेल अशी. दमदार, पण घाई न करणारं इंजिन. एमजीबीत त्याची ताकद सुमारे 95 अश्वशक्ती होती. गाडीचं वळणं, रस्ता धरणं इतकं सुरेख होतं, की चालवणाऱ्याला आणखी ताकदीची ओढ लागावी.

कारखान्यालाही ती लागली. 1967 साली एमजीसी आली. याच शरीरात 2912 सीसीचं, सहा सिलिंडरचं इंजिन. ताकद 145 अश्वशक्तीवर गेली, पण हे इंजिनही बिडाचंच होतं आणि जुन्यापेक्षा जवळपास 95 किलो जड. ते मावावं म्हणून पुढचं सस्पेन्शन बदलावं लागलं, बोनेटला उंचवटा द्यावा लागला. गाडी सरळ रस्त्यावर झेपावत असे, पण वळणावर तोंडाशी जड वाटे. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच्या बाजूला ओढ घेई. मूळ गाडीचा जो गुण होता, तोच नेमका हरवला. सुमारे नऊ हजार गाड्या बनवून 1969मध्ये एमजीसी बंद झाली.

जे इंजिन हवं होतं, ते तेव्हा अमेरिकेतून इंग्लंडला येऊन पोहोचलं होतं. जनरल मोटर्सच्या ब्यूकने 1961च्या मॉडेलसाठी साडेतीन लिटरचं व्ही-8 बनवलं होतं. त्याचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे होते. बिडाची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या अडीचपटीहून जास्त. त्यामुळे आठ सिलिंडर असूनही या इंजिनाचं वजन 145 किलोच्या आसपास भरत होतं. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा व्हीच्या आकारात असल्याने त्याची लांबीही आटोपशीर होती. पण अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी लायनर ठेवून ओतकाम करणं खर्चिक ठरलं, बरेच ब्लॉक वाया जात. दरम्यान पातळ भिंतींचं बिडाचं ओतकाम स्वस्तात जमू लागलं आणि 1963नंतर ब्यूकने हे इंजिन सोडून दिलं.

रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनमध्ये गेले असताना हे इंजिन त्यांच्या नजरेस पडलं. 1965च्या सुरुवातीला रोव्हरने त्याचे हक्क घेतले. ज्यांच्या हातून ते घडलं होतं, ते ब्यूकचे इंजिनिअर जो टर्ले निवृत्तीनंतर इंग्लंडला मदतीला आले. रोव्हरने वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतले आणि लायनर नंतर दाबून बसवले. 1967पासून हे इंजिन रोव्हरच्या मोटारींत आणि 1970पासून रेंज रोव्हरमध्ये दिसू लागलं.

एमजीबीच्या खड्ड्यात ते उतरवण्याचं काम कारखान्याने केलं नाही. ते केन कॉस्टेलो या मिनी शर्यतींतल्या चालकाने केलं. केंट परगण्यातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये तो 1970च्या सुमारास व्ही-8 एमजीबी बनवून विकू लागला. त्याने घेतलेल्या इंजिनाचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: सिलिंडर दुप्पट, आकारमान जवळपास दुप्पट, पण वजन मूळच्या चार सिलिंडरांपेक्षा थोडं कमीच. गाडीचं तोंड पूर्वी होतं तिथेच राहिलं. पुढच्या स्प्रिंगांना मालक बदलल्याचं कळलंही नसेल.

म्हणून काम सोपं होतं असं मात्र नाही. व्ही-8 लांबीला मावतं, पण रुंदीला आडवं येतं. एक्झॉस्टचे दोन्ही मॅनिफोल्ड आतल्या पत्र्याला भिडतात, त्यातला एक स्टिअरिंगच्या दांड्याजवळ जातो. कार्बोरेटर वर उभे केले, तर बोनेट बंद होत नाही. कॉस्टेलोच्या गाड्यांच्या बोनेटला त्यासाठी उंचवटा असे. क्लच, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल या सगळ्यांच्या अंगावर जवळपास दुप्पट ओढ येते. रेडिएटरला जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते आणि वेग वाढला की ब्रेकही तेवढेच समर्थ लागतात. इंजिन बसवणं हे अर्ध्याहून कमी काम. उरलेलं सगळं गाडीला त्याच्या लायक करण्याचं.

एमजी आणि रोव्हर दोन्ही तेव्हा ज्या कंपनीच्या ताब्यात होत्या, त्या ब्रिटिश लेलँडने कॉस्टेलोची गाडी पाहिली आणि ऑगस्ट 1973मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आणली. अ‍ॅबिंग्डनच्या लोकांची कारागिरी इथे दिसते. त्यांनी दोन्ही एसयू कार्बोरेटर इंजिनावर न ठेवता मागे फायरवॉलकडे नेले, त्यामुळे बोनेट सपाट राहिलं. रेडिएटर पुढे सरकवून विजेवर चालणारे दोन पंखे दिले. डिस्क ब्रेक जाड केले. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर 3.9वरून 3.07वर आणलं, म्हणजे त्याच वेगाला इंजिन निवांत फिरू लागलं. रेंज रोव्हरचं कमी कॉम्प्रेशनचं इंजिन वापरल्याने ताकद 137 अश्वशक्तीच होती, पण खरा फरक टॉर्कमध्ये होता. साध्या एमजीबीच्या सुमारे 150 न्यूटन-मीटरऐवजी आता 260च्या आसपास, आणि तोही तीन हजार फेऱ्यांच्या आत. गाडी ताशी 200 किलोमीटरपर्यंत जात असे.

काळ मात्र वैरी निघाला. ऑक्टोबर 1973मध्ये तेलसंकट आलं आणि मोठ्या इंजिनाची हौस महाग झाली. 1976पर्यंत फक्त 2591 गाड्या बनल्या. कारखाना थांबला, पण ही जोडी एवढी जमून आली होती, की लोक थांबले नाहीत. पुढे पन्नासेक वर्षं घरोघरच्या गॅरेजमध्ये साध्या एमजीबींत रोव्हरची व्ही-8 चढत राहिली. 1988पासून एमजीबीचं पत्र्याचं शरीर नव्याने मिळू लागलं आणि 1993मध्ये तोवर एमजीची मालक झालेल्या रोव्हरने स्वतःच एमजी आरव्ही-8 काढली.

आपल्याकडेही बी-सिरीजची जागा मोठ्या इंजिनाने घेतली आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अँबॅसडरला इसुझूचं 1817 सीसी इंजिन आणि पाच गिअर मिळाले. तेच बैठं शरीर, पण चढावर धाप लागणं संपलं. ते काम कंपनीचं होतं. मालकाने आपल्या मनाने असा बदल करायला मात्र भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी देताना मूळ रूप जपण्याची अट घातली आहे. मला ही अट पटते. जुनी गाडी हा इतिहासाचा पुरावाही असतो. तरीही कॉस्टेलोच्या कामाबद्दलचा आदर तिने उणावत नाही. त्याने गाडीचा स्वभाव आधी ओळखला आणि त्याला न दुखावणारी ताकद शोधली.

म्हणूनच चेन-पुलीवर नवं इंजिन खाली उतरत असताना बघावं ते गाडीच्या तोंडाकडे. ते पूर्वीच्याच उंचीवर येऊन थांबलं, तर समजावं, गाडीने पाहुण्याला घरात घेतलं.