वाढीव खोलीची थंडी आणि उघडा स्लॅब

बीड, गेवराई, अंबाजोगाईकडे जुन्या घराला लागून खोली वाढवली की वर हटकून सपाट स्लॅब पडतो. डिसेंबरात त्या खोलीत मुलं दोन-दोन गोधड्या घेऊन झोपतात. पलीकडे माळवदाखाली आजीला एक वाकळ पुरते. सिमेंटचं घर थंडच असायचं, असं म्हणून लोक विषय सोडून देतात.

पण खोली गारठते ती उघड्या स्लॅबमुळे. पाच इंच काँक्रीट थंडी अडवेल, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. काँक्रीट भार उत्तम पेलतं, उष्णता मात्र सहज जाऊ देतं. हिवाळ्यात बालाघाटावर आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. रात्रभर स्लॅब आपली ऊब आकाशाकडे सोडतो आणि खोलीतली ओढून घेतो. उन्हाळ्यात हाच प्रवास उलटा होतो. छतातून दर चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकामागे 1.2 वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये, अशी मर्यादा केंद्राच्या ‘इको निवास संहिता 2018’मध्ये आहे. उघडा स्लॅब साडेतीनच्या आसपास किंवा पुढेच असतो.

मग माळवदासारखी मातीच टाकावी का? मुळीच नाही. माळवदाची ऊब खरी आहे. लाकडी तुळयांवरचा कोरड्या मातीचा जाड थर ती टिकवतो. पण फूटभर मातीचं वजन दर चौरस फुटाला 45 ते 50 किलो भरतं. वावरायच्या गच्चीचा स्लॅब साधारण 15 किलोचा वरचा भार धरून आखतात. शिवाय 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरची जड धाबी कोसळून हजारो माणसं गेली. मराठवाड्यानं ते विसरू नये.

आज तेच काम दोन इंची एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोमची फळी करते. तिचं वजन चौरस फुटाला पाव किलोही नसतं, आणि 3.5 चा आकडा 0.6 च्या खाली येतो. पॅकिंगचा थर्माकोल मात्र इथे चालत नाही. तो दबतो, पाणी धरतो. फळी वॉटरप्रूफिंगच्या वर बसते, तिच्यावर पातळ कोबा किंवा फरशी लागते, कारण उन्हानं ती खराब होते. त्या थराचं वजन स्लॅब पेलेल का, हे इंजिनिअरला आधी विचारावं.

पांढरा रंग दिला की झालं, असंही सांगितलं जातं. तो ऊन परतवतो, उन्हाळ्यात फार उपयोगी पडतो. थंडीच्या रात्री काहीच करत नाही. डांबरी शीट पाणी अडवते, थंडी नाही. आतून पीओपी लावल्यानं थोडा फरक पडतो, पण स्लॅब उघडाच राहतो आणि दिवसा तापून, रात्री आकसून त्याला भेगा जातात.

बांधकाम व्हायचं असेल तर मिस्त्रीला एक गोष्ट आधीच सांगावी. फळी आणि कोबा मिळून गच्ची चार इंचांपर्यंत वर येते. जिन्याचा उंबरा, पाण्याच्या पाइपाचं तोंड आणि कठडा तेवढेच वर धरले नाहीत, तर पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी उंबऱ्यावरून घरात येतं.